येळवशीचं दूध

निलंग्याच्या बाजूला आमचा दूध कारखाना होता आणि मी तिथं दूध तपासायला होते. परीक्षानळीत थोडंसं दूध उकळायचं, गुठळ्या आल्या की कॅन परत. माझ्या पाठीमागं लोकांनी मला काय काय नावं ठेवली ते मला माहीत आहे. मीही काही कमी नव्हते.

कारखाना खरा चालवला बॉयलरच्या मिस्त्रींनी. एके काळी कॅनच्या रांगा पार सडकेपर्यंत जायच्या. पुढं खासगी डेअऱ्यांच्या गाड्या दारातून दूध न्यायला लागल्या, बऱ्याच जणांनी म्हशी विकल्या. यंत्रांचे सुटे भाग मिळेनात, पण मिस्त्रींच्या हाताखाली ती मुकाट चालत. दुधाची टाकी तर ते अशी घासायचे की सणाची भांडीही कुणी इतकी घासत नसेल. एवढं जीव लावून काम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग वरच्या ऑफिसातून पत्र आलं. साहेब पाहणीला येणार. त्या दिवशी टाकी निम्मी भरली तर ठीक, नाहीतर कुलूप. तारीख नेमकी वेळ अमावास्येची, म्हणजे आमच्या येळवशीची! येळवशीला आमच्याकडे गावात माणूस सापडत नाही. सगळे शेतात, कडब्याच्या खोपीपाशी पूजा, भाज्या-डाळींची भज्जी आणि किटल्या भरभरून ताकातली आंबट आंबील. दूध घालायला येणार कोण? फोन करून सांगितलं, तर साहेबांना ती सबब वाटली.

"लोक येत न्हाईत तर आपुन जाऊ की," मिस्त्री म्हणाले आणि येळवशीच्या सकाळीच टेंपोत रिकामे कॅन टाकून शेतोशेत फिरले. दुपारी परतले तेव्हा टेंपो खचाखच भरलेला. मला तर रडूच आलं.

पहिल्या कॅनमधलं दूध उकळलं. गुठळ्या. दुसरा, तिसरा, तेच. शेतात दुसरं भांडं नव्हतं म्हणून लोकांनी आंबिलीच्या किटल्या रिकाम्या करून, वरवर विसळून दूध दिलं होतं; आणि मिस्त्रींनी घाईत ते वाटेतच सगळ्या कॅनमध्ये ओतून रिकाम्या किटल्या टेंपोतच ठेवल्या होत्या.

साहेब व्हरांड्यात फोनवर बोलत होते. परीक्षानळीतलं त्यांना काय कळणार होतं? "काका, घालू का टाकीत?" मी हळूच विचारलं.

मिस्त्रींनी कॅनमध्ये डोकावून वास घेतला. "न्हाई माय. लेकरं पितेत ते."

मी सगळे कॅन नापास केले. टाकी कोरडीच राहिली आणि कारखाना बंद झाला. साहेबांचा मला अजूनही राग आहे.

दुसऱ्या दिवशी लोक किटल्या न्यायला आले. मिस्त्रींनी त्या लखलखीत घासून ठेवल्या होत्या. "आंबिलीचं कुनाला सांगू नको," त्यांनी मला बजावलं. "आपल्यामुळं बंद पडला म्हनून जीवाला लावून घेतील." दूध कमी भरलं, एवढंच आम्ही सांगितलं.

त्यांतले एक आजोबा बाजारात भेटले की अजून हळहळतात, "आनखी एक किटली दिलो असतो तर वाचला असता की."

मी 'हाव, वाचला असता' म्हणते.