यादीतून वगळलेली जाऊ

मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटायचा, आणि तो मी फारसा लपवतही नसे. फक्त त्याला मी शिस्त म्हणायचे. ती फार हसते, मोगरा तोडताना गप्पा मारते, कढईला झाकण ठेवत नाही, असं माझं चालू असायचं आणि घरातले "मोठी जरा कडक आहे" म्हणून सोडून द्यायचे. खरं एवढंच होतं की तिला पाहिलं की माझ्या पोटात दुखायचं.

आमचं घर नाशिकच्या कडेला, मळ्यात. दोन भावांची दोन घरं आणि मधली भिंत एकच; रात्रीचं जेवण मात्र सगळ्यांचं एकत्र. नवरा आणि दीर फुलं पिकवतात, उन्हाळ्यात मोगरा, दसऱ्याला झेंडू. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. शाळेबरोबर गळ्यात पडलेलं दुसरं काम म्हणजे आमच्या भागाची मतदार यादी. घरोघर जायचं, कोण वारलं, कुठे नवी सून आली, कोणता भाडेकरू खोली सोडून गेला, ते सगळं लिहून आणायचं. शाळेतल्या बाकीच्या बाया या कामाच्या नावानं बोटं मोडायच्या. मला ते आवडायचं. माझ्या यादीत मेलेला माणूस राहत नसे आणि जिवंत माणूस सुटत नसे.

जाऊ येवल्याची. वडील पैठणी विणतात. आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, पेढे वाटतात, आणि जुनं नाव त्या दिवसापासून बंद. तिचंही बदललं, माझंही बदललं होतं. माझं तर खरोखरच बंद झालं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत माझ्या भावानं माहेरी, सिन्नरला, खटपट करून माझं नाव तिथल्या मतदार यादीतून काढून घेतलं आणि फोनवर सांगितलं, "झालं गं तुझं काम." कायद्यानं बरोबरच केलं त्यानं. पण मी काही काम सांगितलं नव्हतं.

एकदा रात्री जेवताना जाऊ हसत हसत म्हणाली, "बाबांचा फोन होता. इलेक्शनची माझी चिठ्ठी आलीय म्हणे येवल्याला. जुन्या नावाची."

"तिकडेही नाव आहे तुझं?" मी विचारलं.

"बाबांनी काढूच दिलं नाही. म्हणतात, लेकीचं नाव आपल्या हातानं कशाला काढायचं? असू दे घरात."

सासूबाई कौतुकानं हसल्या. दीर हसला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नावं वेगळी, आडनावं वेगळी, म्हणून संगणकालासुद्धा त्या दोन निरनिराळ्या बायका वाटत होत्या. हिला दोन नावं, दोन घरं आणि दोन मतं. मला सगळं एकेकच, आणि तेही माझ्याच हातानं लिहिलेलं.

मी हात धुवून आले आणि तिला सगळ्यांसमोर झाडलं. एका माणसाचं नाव एकाच यादीत हवं, दोन ठिकाणी ठेवणं गुन्हा आहे, अशानंच निवडणुका खोट्या होतात, आणि माझ्या घरात हे चालणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की. पोरगी काय दोनदा बटन दाबाया चाललीय? तुझं काय जातंय?"

मी उष्टी ताटं उचलून मोरीवर गेले.

त्यानंतर मी वाट पाहत राहिले. ती आपणहून येईल, "ताई, ते नाव काढायचा फॉर्म द्या" म्हणेल, मग मी मोठ्या मनानं भरून देईन. ती आली नाही. मीही विचारलं नाही. पुढं लोकसभेच्या आधी यादीची फेरतपासणी निघाली आणि मी वही घेऊन घरोघर फिरू लागले. त्या दिवसांत शाळेत एकच वाद चालायचा. मशीनमध्ये गडबड करता येते की नाही, मोजणी खरी असते की नाही. आमचे चित्रकलेचे सर म्हणायचे, सगळं आधीच ठरलेलं असतं. मी ठणकावून सांगायचे, "मशीनचं मला ठाऊक नाही. माझ्या भागाची यादी मात्र आरशासारखी आहे." आणि घरी येऊन माझ्याच जावेच्या नावापुढे लिहिलं, 'स्थलांतरित'.

भिंतीपलीकडे ती पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज मला ऐकू येत होता.

येवल्याची यादी माझ्या हातात नव्हती, ती असती तर मी तिथलंच नाव काढलं असतं आणि ते नियमालाही धरून झालं असतं. हातात होती फक्त इथली. मनाची समजूत घातली की दोन जागी नाव आहेच, एक गेलं तर बिघडलं काय? मत तर राहतंच. येवल्याला जाईल, बापाच्या घरी लाड करून घेईल आणि देईल. घरच्या सगळ्यांसमोर इथल्या केंद्रावर मात्र मिरवणार नाही.

नाव असं एका शब्दानं जात नाही. आधी त्या माणसाला नोटीस द्यावी लागते, हरकत असेल तर सांगायला मुदत मिळते. नोटीस घरी नेऊन द्यायची आणि पोचल्याची सही आणायची, हे कामही माझंच. मी ती नोटीस शाळेच्या दोन-तीन कागदांत घालून नेली. ती मोगऱ्याचे गजरे ओवत होती. म्हटलं, "जरा इथं सही कर गं, तपासणीचं आहे." तिनं ओले हात पदराला पुसले आणि न वाचता सही केली. "ताई, तुम्ही काय थोडी माझी इस्टेट लिहून घेणार!" म्हणाली आणि हसली. नोटीस मी तिच्या घरातल्या फडताळात, वर्तमानपत्रांखाली सरकवून दिली. म्हणजे दिली, असं मला म्हणता आलं. मुदत संपली. हरकत आली नाही. वरच्या अधिकाऱ्याची सही झाली आणि नाव गेलं.

मतदानाच्या दिवशी ऊन रणरणत होतं. शाळेच्या फाटकाशी मांडवात टेबल टाकून मी यादी घेऊन बसले होते. नाव शोधायचं आणि खोली सांगायची, एवढंच माझं काम. सकाळी सगळ्यांत आधी स्वतःचं मत देऊन आले होते आणि बोटाची शाई सगळ्यांना दिसेल असा हात टेबलावर ठेवला होता. दहाच्या सुमारास सासूबाईंचा हात धरून जाऊ आली. वडिलांनी विणलेली पैठणी नेसली होती. एवढ्या उन्हात पैठणी! ओळीतल्या बाया वळून वळून बघत होत्या.

"ताई, आमचं दोघींचं बघा ना."

सासूबाईंचं नाव सापडलं. जावेचंही सापडलं. तिच्या फोटोवर आडवा शिक्का छापलेला होता, 'वगळले'. मी तो तिला दाखवला. आवाज सरळ ठेवला. "काहीतरी झालेलं दिसतंय. पण तुला कसली काळजी? येवल्याचं नाव आहे ना. साडेदहाची एसटी मिळेल, संध्याकाळी सहापर्यंत मतदान आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "येवल्याचं? ते तर मी मागंच काढलं, ताई. तुम्ही जेवताना बोलला होतात ना? त्या राखीला गेले तेव्हा फॉर्म भरून आले. बाबा दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. म्हटलं, आमच्या ताई घरोघर फिरून यादी नीट करतात आणि त्यांच्याच घरात अशी गफलत बरी दिसती का?"

"मला सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं त्यात? तुम्ही बरोबरच बोलला होतात."

मागच्या माणसानं "बाई, आमचं नाव बघता का?" म्हणून कागद पुढे केला. मी त्याचं नाव शोधलं. मला अक्षरं दिसत नव्हती. जाऊ बाजूला सरकली, सासूबाईंना आतल्या खोलीपर्यंत पोचवून आली, आणि मग घरी न जाता माझ्या टेबलाशी उभी राहिली. म्हाताऱ्या माणसांना नावं वाचून दाखवू लागली. दुपारी माझ्यासाठी ताक घेऊन आली. कुणी विचारलं, "तुझं झालं का मतदान?" तर म्हणायची, "नाव सुटलंय माझं. एवढ्या नावांत एखादं सुटायचंच. आमच्या ताईंची काही चूक नाही."

संध्याकाळी घरी सासूबाई भाकरी वाढताना कडाडल्या. "भिताडाच्या पल्याड राहती ती बाई, आन तिचं नाव नाय? मेलेल्यांची मतं पडत्यात म्हणं, आन जित्या माणसाला नाय! कुंपणच शेत खायला लागलं, दुसरं काय." त्या सरकारी लोकांना शिव्या घालत होत्या. मी खाली मान घालून जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोगरा तोडायला गेले ते नव्या नोंदणीचा कोरा फॉर्म घेऊनच. जाऊ आधीच वाफ्यात होती. फॉर्म पुढे धरला. तिनं विचारलं, "ऑफिसात काही कळलं का, कसं झालं ते?"

"मीच काढलं तुझं नाव," मी म्हणाले. "तुला दोन घरं होती, त्याचा राग होता मला. तू सही केलीस ना, ती त्याचीच नोटीस होती."

कळ्या तोडणारा तिचा हात थांबला. मला वाटलं ती ओरडेल, निदान रडेल. दोन्हीला माझी तयारी होती. तिनं ओच्यातल्या कळ्या टोपलीत ओतल्या, फॉर्म घेतला आणि बांधावर बसून वाचू लागली. अगदी बारीक अक्षरातल्या सूचनासुद्धा वाचल्या. मी समोर उभीच होते. वाचून संपल्यावर सही केली आणि कागद माझ्या हातात न देता घडी करून स्वतःच्या कमरेला खोचला.

"हा मीच नेऊन देते, ताई," ती म्हणाली. "पोच घेऊन येते."

तिनं घरात कुणाला काही सांगितलं नाही. सासूबाई अजूनही सरकारलाच शिव्या घालतात. ती माझ्याशी पूर्वीसारखीच बोलते, हसते, माझ्या घरी ताक पाठवते. पण आता मी तिला शाळेच्या कार्यक्रमाची साधी पत्रिका दिली, तरी ती माझ्यासमोर उभी राहून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, आणि तिचं वाचून होईपर्यंत मी थांबते.