आप्पासोच्या फटफटीची दोन नाकं

जोतिबा मिस्त्रीचा डावा कान लढाईत गेला. गोळी लागून न्हवं. वाळवंटात पलटणीच्या वर्कशॉपात लॉरीचं टायर त्याच्या शेजारी फुटलं आणि त्या अंगाचं जग गप झालं. सरकारनं त्याला घरी धाडलं. राहिलेला उजवा कान मात्र असा तयार झाला, की इंजनाच्या पोटात काय दुखतंय ते बाहेरनं ऐकू यायचं. खोट एकच होती. आवाज यायचा, पण कुठनं येतोय ते कळायचं न्हाई. मागनं हाक मारली तर गडी पुढं बघायचा.

इंजन ऐकायचं त्याचं हत्यार म्हणजे बायकोची लाकडी पळी. पळीचं टोक इंजनाला, दांडा कानाला.

"आवं, त्या पळीनं मी ताक वाढते," राहीबाई वरडायची. "काल पावण्यानं इचारलं, म्हशीला राकेल पाजता काय म्हनून."

"म्हशीचंबी पोट ऐकून देतो. आण हिकडं."

विहिरीवरच्या इंजनांवर त्याचा संसार चालायचा. त्रेचाळीसच्या दिवाळीनंतर आप्पासोनं बैलगाडीत कडब्याखाली झाकून एक फटफटी त्याच्या दारात आणली. आप्पासो म्हणजे गावातलं मोठं बागायती खटलं. फटफटी वीस वर्षांची जुनी, कुण्या गोऱ्या साहेबानं लोणंदकडं टाकून दिलेली. टाकीवर कोंबड्यांची शिट वाळलेली. तिला सिलिंडरं दोन आणि दोन्हींना आपापला कार्बोरेटर. जोतिबा त्याला नाक म्हणायचा.

"हवा आन् पेट्रोल हितनं आत जातंय," तो म्हणाला. "दोनी नाकांनी सारका दम घेतला की यंत्र गप चालतंय. एक चोंदलं की बोंबलतंय."

"गपच चालली पायजे," आप्पासो म्हणाला. "मांजरावानी."

जोतिबानं वर बघितलं. फटफटी घेणारा गडी आवाज बारीक मागत न्हाई. मिरवायचं असलं की चार गावांत ऐकू गेलं पाहिजे.

"आन् मागं एक शिट बसव. धिप्पाड मानूस बसंल आसं."

"वैनीसाब बसनार व्हय मागं?"

"काम कर मर्दा." आप्पासो पान चघळत थांबला. "तुजा मेव्हणा कुटं आसतोय रं आता? मानसिंग?"

"मुंबैला. गिरणीत."

"आसं व्हय? मी ऐकलं, ती गिरणी उसात हाय."

असं म्हणून तो हसत गेला. जोतिबाच्या हातातला पान्हा तसाच राहिला.

मानसिंग राहीबाईचा पाठचा भाऊ. बेचाळीसात चळवळीत शिरला तो घरी आला न्हवता. कुंडलच्या वाटेला उसाच्या पोटात खोप घालून राहायचा. पोलिसांनी त्याच्या जोडीदाराला धरून नेलं होतं. तो ठाण्यातनं परत आला तो वाकळंत गुंडाळून. उसातली माणसंही काही मऊ न्हवती. खबऱ्या सापडला की त्याच्या वहाणा काढायला लावायचे आणि तळपायांवर काठ्या घालायचे. तसा माणूस पुन्हा सरळ चालत न्हाई.

पुढच्या खेपेला आप्पासोनं पेट्रोलचा डबा आणला. तवा लढाईपायी पेट्रोल डोळ्याला दिसत न्हवतं. साताऱ्याची मोटार कोळशाच्या ग्यासवर धापा टाकत यायची.

"कुटनं गावलं, आप्पासो?"

"पावण्याकडनं."

जोतिबानं पुढं विचारलं न्हाई. टाकीत वाळू घालून त्यानं गंज खळखळून काढला. पेट्रोल मोजून आत सोडणारा पितळी फुगा भोक पडून बुडत होता, त्याला डाग दिला. मग पळी कानाला लावून तो स्क्रू फिरवायला बसला. पुढचं नाक जरा आवळ, मागचं जरा सोड. दोन्ही सिलिंडरं एका चालीत आली तवा त्याचं तोंड उजळलं. असं यंत्र त्याच्या हाताखालनं पलटणीतसुद्धा गेलं न्हवतं.

राहीबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "माज्या भावाच्या मरनाला वंगण घालताय व्हय?"

"न्हाई म्हटलं तर दुसरा कुनीतरी घालंल. आनी आप्पासो इचारंल, न्हाई का म्हनतोस." जोतिबानं इंजन बंद केलं, मागचं नाक पुन्हा उघडलं आणि पेट्रोल जायच्या भोकात केसाएवढी पितळी तार सरकवली. "सावकास चालीवली तर कळनार न्हाई. मूठ पिळून पळीवली, की मागचं नाक उपाशी पडतंय आन् फाट करून उलटं वाजतंय. आवाज आर्ध्या कोसावर जाईल. मानसिंगला सांगून धाड, फाटफाट ऐकलं की ऊस सोड म्हणावं."

आप्पासोनं अंगणात दोन गिरक्या घेतल्या. "पोटात मांजरच बसीवलंस की रं!" म्हणाला, आणि गाडी घेऊन गेला.

संक्रांत झाली. शाळूच्या कणसात दूध भरलं. एक दिवस जोतिबा दारात तंबाखू मळत होता, तोवर फाट झालं. तो ताठ उभा राहिला. परत फाट.

"राहे! कुटनं आला आवाज?"

"कुटनं म्हंजी? चारी आंगानं येतोय. गोफणी हायत."

शिवारात पाखरं हाकायचे माळे उभे राहिले होते. राखणीला बसलेल्या बायकापुरुषांनी गोफणी फिरवायला सुरुवात केली होती. दगड सुटला की गोफणीची शेपटी बंदुकीच्या बारासारखी वाजते, आणि ती दिवस मावळेपर्यंत वाजत राहते. जोतिबा ह्याच मातीत वाढलेला गडी, पण डोक्यात निस्तं इंजन. शाळू विसरला होता.

"आता त्याला कसं कळायचं," तो म्हणाला, "गोफण कंची आन् गाडी कंची?"

राहीबाईनं डोक्यावर पाटी घेतली आणि शिवारात गेली. माळ्यामाळ्याखाली उभी राहून तिनं एवढंच सांगितलं, आप्पासोची गाडी येशीतनं निघाली की गोफण खाली ठेवा. का म्हणून कुणी विचारलं न्हाई. गावाला आप्पासो माहीत होता, मानसिंगही.

एक दिवस कासराभर ऊन वर आलं आणि आप्पासो निघाला. मागच्या शिटवर एक परका धिप्पाड गडी, घोंगडं पांघरलेला. घोंगड्यातनं काहीतरी लांबडं वर आलं होतं.

येशीजवळचा माळा गप झाला. मग त्याच्या पुढचा. गाडीच्या पुढं पुढं सारं शिवार मुकं होत गेलं. पाखरांचे थवे कणसांवर उतरले, आणि कुणी हाकललं न्हाई. मागनं गाडी फाटफाट करत होती, पण तिची गरजच उरली न्हवती. शेतकऱ्याचं पोरगं होतं मानसिंग. भर उन्हात पाखरं एवढी निवांत किलबिलताना ऐकली आणि तो हातातलं टाकून उठला. आप्पासो खोपीत शिरला तवा चुलीवर भाकरी करपत होती.

परतताना वाटेत घोंगडंवाल्याला उतरवून आप्पासो सरळ जोतिबाच्या दारात आला. गाडी बोंबलत आली म्हणून आळी गोळा झाली.

"मागचं नाक उघड. माज्या म्होरं."

जोतिबानं पान्हा लावला. राहीबाई उंबऱ्यात पळी घट्ट धरून उभी. जोतिबानं भोक उजेडाला धरलं, टिचकी मारली. तार तळहातावर पडली.

"ह्ये काय?"

"कचरा. पेट्रोलातनं आला आसंल."

"पेट्रोलातनं?" आप्पासोचा आवाज चढला. "शिक्क्याचा डबा हाय त्यो! फौजदारानं माज्या समोर फोडलाय. सरकारी पेट्रोलात कचरा आसतोय व्हय रं?"

बोलून गेला आणि मग त्याला कळलं.

अंगणात म्हातारा कृष्णात चुना मळत होता, त्याचा अंगठा थांबला.

"पावण्याकडचं म्हनत हुतासा," जोतिबा बारीक आवाजात म्हणाला.

माणसं एकेक करून निघून गेली. रामराम कुणी घातला न्हाई. आप्पासोच्या कपाळावर घाम आला होता. "बसव नीट," एवढंच तो म्हणाला. ह्या वेळी जोतिबानं तार घातली न्हाई. पळी लावून मन भरेस्तोवर ऐकलं आणि गाडी दिली.

त्या दिवसापासनं आप्पासो जिकडं जाईल तिकडं गोफणी थांबायला लागल्या. फटफटीवर न्हवं, पायी निघाला तरी. परसाकडं निघाला तरी. तो चालायचा आणि पुढनं सारं गपगार व्हायचं, जसं शिवार दम धरून बसलंय. एका दुपारी त्याला ते सोसलं न्हाई. गाडी काढून तो कुंडलच्या वाटेनं ठाण्याकडं निघाला. गोफणी एकामागनं एक थांबत गेल्या, पार उसापर्यंत.

थोड्या वेळानं अर्जुना गाडीवान जोतिबाच्या दारात आला. "मिस्त्री, फटफटी उसाच्या बांधाला हुबी हाय. चालू हाय. वर कुनी न्हाई. हात लावायला भ्या वाटतंय."

जोतिबा सवयीनं पळी घेऊनच गेला. गाडी तिच्या लोखंडी घोड्यावर टेकवून उभी केलेली होती. शेजारी आप्पासोच्या वहाणा, देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा जोडीनं. जोतिबानं पळी कानाला लावली. दोन्ही नाकं सारका दम घेत होती. मांजरावानी. त्यानं पेट्रोलची तोटी बंद केली. नाकात उरलेलं पिऊन यंत्र थांबलं.

मग कण्हणं ऐकू आलं.

जोतिबानं मान इकडं फिरवली, तिकडं फिरवली. चारी अंगाला ऊस.

"मिस्त्री, ऐकू येतंय व्हय काय?" अर्जुनानं विचारलं.

जोतिबानं पळी धोतराला पुसली. "येतंय की. कुटनं ते कळंना."

अर्जुनाचे दोन्ही कान शाबूत होते. तोही गपच राहिला.