पत्रिकेतली तिरकी ओळ

शहापुरातल्या माझ्या छपाईच्या दुकानात लग्नपत्रिकांचं काम जास्त. संगणकात अक्षरं ढिगाने आहेत, पण माझा जीव जडला तो एका तिरक्या अक्षरावर. बोरूने लिहिल्यासारखं, उजवीकडे कललेलं. एक रेघ जाड, दुसरी केसाएवढी बारीक. दिसायला देखणं, कामाला नखरेल. लहान आकारात लावलं की वेलांट्या एकमेकींत अडकतात. लग्नाचं स्थळ यात कधी छापू नये, शेणव्याला निघालेले पाहुणे उंबरमाळीला जाऊन उतरतील! सगळी पत्रिकाच त्या अक्षरात मागणारे हौशी येतात, त्यांना मी सांगतो, "अहो, मीठ चिमूटभरच घालायचं."

आमच्याकडे हे अक्षर एका ओळीसाठी राखलेलं. पत्रिकेच्या तळाशी घरातली पोरं बोलतात, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' आणि खाली त्यांची नावं. एखाद्या पोराचं नाव राहिलं तर त्याचे आईबाप रुसून हळदीलाही येत नाहीत.

यंदा माझ्याच मुलीचं लग्न होतं. तिला आत्या म्हणणारी एकच, माझी नात. मुलाचा संसार मोडला आणि ती आईबरोबर नाशकात गेली. तेव्हापासून तिचं तोंड पाहिलेलं नाही. मला ती मांडवात हवी होती. बाकी कशाची आस नव्हती, खरंच नव्हती.

मुलगा म्हणाला, "तिचं नाव नका टाकू. लोक इचारतील, पोरगी कुठंय?"

"इचारू दे रे," त्याची आई म्हणाली. "नात आपली नाय का?"

मी ओळ लावली, नेहमीसारखी तिरकी. मग तिच्याकडे बघत बसलो. पोर पहिलीत; आत्ता कुठे अक्षरं जुळवायला लागली असणार. इतकी वर्षं मी पोरांच्या तोंडची ओळ पोरांनाच वाचता येणार नाही अशी छापत आलो होतो. तिरकं अक्षर काढलं आणि शाळेच्या पुस्तकातलं उभं, ठसठशीत घातलं.

"अवो, ही तर शाळेची नोटीस वाटते," बायको म्हणाली. वाटू दे, म्हटलं.

पत्रिकेचा फोटो सुनेच्या मोबाइलवर पाठवला. तिने तो पाहिला. आमचं तिच्याशी भांडण नव्हतं, पण बोलणंही उरलं नव्हतं.

दारात मांडव घालत होतो तेव्हा तिच्याकडून व्हॉइस मेसेज आला. हात पुसून मोबाइल कानाला लावला. नात वाचत होती, एकेक अक्षर जोडत. 'आत्याच्या'ला अडली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, 'हं'सकट ओळ पुरी केली. स्वतःचं नाव मात्र एका दमात वाचलं. मग तिने विचारलं, "आई, मी सगळ्यांना बोलावलंय. मग मी कधी जायचं?"

मेसेज तिथेच संपला होता.