बडे गुरुजींच्या सत्कारात मी बोलले

मी बालाघाटला मास्तरीण म्हणून आले तेव्हा मला कोणी खोली देईना. वडील भरवेलीच्या खाणीत होते आणि आम्ही दोन-तीन वर्षांपूर्वीच बौद्ध झालो होतो. घरमालक आधी शाळा विचारायचे, मग आडनाव. आडनाव ऐकलं की त्यांच्या घरी नेमके पाहुणे यायचे असायचे. शेवटी खोली दिली ती स्टेशन रोडवरच्या दातवाल्या डॉक्टरनं. गाव त्याला चिनी डॉक्टर म्हणायचं. त्याचा बाप कलकत्त्यात जोडे शिवायचा. तो स्वतः तिथंच जन्मला, चीन त्यानं डोळ्यांनी पाहिला नव्हता. बायको तुमसरकडची, मराठी. आडनाव दोघांनीही विचारलं नाही. "खोली लहान हाये बाई, चूल बाहेर मांडा लागते," एवढंच ती म्हणाली. मी त्यांना भाऊ आणि वयनी म्हणू लागले.

त्यांची एकुलती एक मुलगी पुढं माझ्याच वर्गात, चौथीत आली. डोळे बापाचे, जीभ आईची. पाढे म्हणताना ती डोळे मिटायची आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास विचारायचं, "मिटले का उघडे हायेत?" सगळा वर्ग हसायचा. कधी कधी मीही हसायचे. पोरंच ती, असं मला वाटायचं. ती मात्र पाढा तिथंच थांबवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

शाळेचे हेडमास्तर म्हणजे बडे गुरुजी. माणूस वाईट नव्हता, आणि हेच मला पुढं फार जड गेलं. मी रुजू झाले तेव्हा दोन-चार पालक कुरकुरत आले होते, की आमच्या पोरींना ही बाई कशाला. गुरुजींनी त्यांना व्हरांड्यातूनच परतवून लावलं. "शिकवते का नाही ते पाहा, बाकी माझ्यावर सोडा." त्या उपकाराखाली मी होते.

बासष्ट साली चीनशी लढाई सुरू झाली. रेडिओवरच्या बातम्या रोज वाईट. दिवाळीची सुट्टी संपल्यावर गुरुजींनी जवानांसाठी मिरवणूक ठरवली. पुढं भारतमाता, तिच्यामागं लाकडी बंदुका घेतलेले शिपाई आणि सगळ्यांत मागं दोरीनं बांधलेला शत्रू.

"शत्रू कोण होईन?" कोणीतरी विचारलं.

"आहे ना आपल्यापाशी," गुरुजी म्हणाले. "मुखवट्याचीही गरज नाही."

मी म्हटलं, "गुरुजी, तिले काहून? ती तर इथलीच हाये."

"नाटक आहे बाई. नाटकात का बिघडते?"

दोरी माझ्याच हातात दिली गेली आणि मीच ती तिच्या कमरेला बांधली. सैल बांधली. "बाई, मी काय करू?" तिनं विचारलं. "काही नाही, नुसती चाल," मी म्हटलं.

शाळेपासून बाजारापर्यंत पोरंच ओरडत होती. बाजारात मोठी माणसं ओरडू लागली. आधी शेण आलं, मग खडी. एक दगड तिच्या भुवईच्या वर लागला. ती थांबायला पाहत होती, पण पुढच्या पोरांनी दोरी ओढली तशी ती चालत राहिली. गुरुजींनी मागं वळून पाहिलं. त्यांना रक्त दिसलं. मी त्यांच्या डोळ्यांत पाहत होते, म्हणून सांगते, त्यांना दिसलं. "चालू द्या, चालू द्या," ते म्हणाले आणि त्यांनी पुढची घोषणा दिली.

मी रांग सोडून धावले, तिची दोरी काढली आणि तिला घरी नेलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. वयनीनं जखम धुतली. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानाची पाटी फोडली गेली. दात दाखवायला कोणी येईना. दर आठवड्याला ठाण्यात हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, असा चिनी वंशाच्या लोकांवरचा हुकूम भाऊंनाही मिळाला. वयनीचे भाऊ तुमसरहून आले आणि "नवऱ्याले सोड, आमच्यासंग चाल" असं तिला सांगून गेले. ती गेली नाही. मुलगी शाळेत परत आली नाही. गुरुजींनी रजिस्टरात लिहिलं, 'स्वेच्छेने शाळा सोडली.'

मला जमलं ते मी केलं. ठाण्याच्या दिवशी मी भाऊंच्या शेजारून चालत जायचे. शाळेची बाई सोबत असली की लोक नुसते पाहायचे, हात उचलायचे नाहीत. भाजीवाली त्यांना द्यायला कां-कू करू लागली तेव्हा भाजी मी आणू लागले. शाळा सुटल्यावर मुलीला घरी शिकवायचे. भुवईवर खूण राहिली होती. पाढे म्हणताना आता ती डोळे उघडे ठेवायची.

गुरुजींनी मला बोलावून सांगितलं, "बाई, लोक बोलून राह्यले. नोकरी जाईन तुमची."

"गेली तं गेली," मी म्हटलं. गेली नाही. पण गुरुजींच्या ऑफिसातून बाहेर आले तेव्हा त्यांच्या उपकारातून मी सुटले होते, आणि त्या रिकाम्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं.

वर्षभरानं परवानगी मिळवून ते तिघं कलकत्त्याला गेले. मी माझ्या वेळेची वाट पाहू लागले.

मी नऊ वर्षं वाट पाहिली. त्या नऊ वर्षांत मी गुरुजींना एकदाही उलट बोलले नाही. त्यांना स्तुती आवडते हे मी पाहून ठेवलं होतं. मिरवणुकीची गोष्ट ते दर वर्षी नव्या मास्तरांना अभिमानानं सांगायचे. त्यात दगड नसायचा. ते निवृत्त झाले तेव्हा शाळेच्या पटांगणात मांडव पडला. शिक्षकांच्या वतीनं कोण बोलणार असं विचारलं गेलं. मी हात वर केला. गुरुजींना बरं वाटलं. "बाईंनाच बोलू द्या," ते म्हणाले.

त्यांच्या गळ्यात हार होता, शेजारी बायको, समोर सुना-नातवंडं. मी आधी त्यांनी पालकांना परतवून लावलं ते सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी मिरवणूक सांगितली. दोरी, शेण, खडी, रक्त. त्यांनी मागं वळून पाहिलं ते आणि "चालू द्या" म्हणाले ते. रजिस्टरातली ओळ वाचून दाखवली, रजिस्टर मी सोबत आणलं होतं. मुलीचं वय सांगितलं. गुरुजींनी हार काढून मांडीवर ठेवला. मला थांबायला हवं होतं का? मी थांबले नाही. "ह्या माणसाले दिसलं होतं," मी म्हटलं, आणि खाली बसले.

दोरी कोणी बांधली ते मात्र मी सांगितलं नाही.

त्या दिवसाइतकी गोड झोप मला आयुष्यात क्वचितच लागली. महिन्याभरात माझी बदली रामपायलीला झाली. त्याचंही मला काही वाटलं नाही.

पावसाळा सरल्यावर गुरुजी बसनं रामपायलीला आले. शाळेच्या दारात उभे राहिले. काठी आली होती हातात.

"तिचा पत्ता असंन तुमच्यापाशी," ते म्हणाले. "मले पत्र लिहाचं हाये. माफी मागाची हाये."

"हाये पत्ता."

"मंग द्या ना."

"नाही देत."

ते उभेच राहिले. मी आत जाऊन फळ्यावर गणित लिहू लागले. खिडकीतून ते परतीच्या बसकडं जाताना दिसले, आणि सत्काराच्या दिवसापेक्षाही त्या वेळी मला जास्त आनंद झाला.

हे सगळं मी तिला मोठ्या हौसेनं कळवलं. ती आता बापाबरोबर कलकत्त्यात दात बसवायचं काम करत होती. वाटलं, तिलाही आनंद होईल. तिचं उत्तर एका पानाचं आलं.

'बाई, गुरुजींनी दोरी मागितली, पण बांधली तुमी. ते सांगितलं का मांडवात? मी तुमच्यावर लई दिवस चिडली होती. तुमी रोज शिकवाले यायच्या म्हणून बोलली नाही. माझ्यासाठी तुमी भांडल्या, पण मले एकदा तरी विचारलं काहून नाही? गुरुजींना पत्ता द्या. वाचाचं का जाळाचं, ते मी पाहीन.'

ते पत्र मी दोन दिवस कोणालाही न दाखवता पदराखाली बाळगलं. तिसऱ्या दिवशी बालाघाटला गेले. गुरुजी ओसरीवर बसले होते. मी कागद पुढं केला आणि म्हटलं, "तिनं द्याले सांगितला. मी देत नव्हते." मग म्हटलं, "अन् दोरी मी बांधली होती. त्या दिवशी सांगितलं नाही."

"माहीत हाये मले," गुरुजी म्हणाले. "बसा."

मी बसले नाही. माझा राग गेला नव्हता, आजही गेलेला नाही, फक्त तो आता त्यांच्यात आणि माझ्यात वाटला गेला आहे. त्यांनी पत्र लिहिलं की नाही, तिनं वाचलं की जाळलं, हे मी त्यांना किंवा तिला कधी विचारलं नाही. लिहिलं असेल तर आपणच म्हटलेलं 'चालू द्या' त्यांनी त्यात लिहिलं असेल, असं मला वाटतं. लिहायलाच पाहिजे होतं.