निरोगी गटातली शेवटची नळी

मला टीबी झाला होता. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. सहा महिने गोळ्या घेतल्या, बरा झालो. सांगण्यासारखं एवढंच असतं तर लिहायला बसलो नसतो.

मी नाशिकच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. टीबीचा धडा माझ्याकडेच असतो. या आजारात लपवण्यासारखं काही नाही, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यासमोर म्हणतो आणि मुलं ते उतरवून घेतात.

मला टीबी झाला त्या वर्षी एमएस्सीची एक मुलगी माझ्या हाताखाली प्रोजेक्ट करत होती. सटाण्याकडची, पुढे पीएचडी करायचीच म्हणून आलेली. विषय होता सीएक्ससीएल-टेन नावाचं जनुक. ते प्रत्येकाच्या पेशीत असतं, एरवी बरंचसं गप्प. जंतू शिरला की जागं होतं आणि त्याच्यापासून एक छोटं प्रथिन बनतं. हे प्रथिन म्हणजे सांगावा: रक्तातल्या लढाऊ पेशींनी अमुक ठिकाणी जमावं. पेशी निघतात. टीबीच्या रोग्यांमध्ये हे जनुक किती जागं असतं आणि निरोगी माणसांत किती, एवढंच तिला मोजायचं होतं.

रोग्यांचं रक्त दवाखान्यातून आलं. निरोगी माणसं कुठून आणायची, हा प्रश्न आमच्याकडे पडत नाही. चहा सांगायचा आणि विभागातल्या सगळ्यांनी बाह्या वर करायच्या. नाशिकच्या निरोगी माणसांवर आमच्या कॉलेजात जे काही संशोधन झालंय, ते बहुतेक आमच्या विभागावरच झालंय.

मीही बसलो. लॅबचे शिपाईमामा म्हणाले, "सर, तुमचं रक्त निरोगी गटात? बघा बुवा, पोरीची डिग्री जायची."

"मामा, तुमचं चालतं तर माझंही चालेल."

"आमचं काय, लय जुना माल हाय. गॅरंटी कधीच संपली."

कुणाचं रक्त कुठलं हे तिला कळू नये म्हणून नळ्यांवर नंबर मीच उलटसुलट घातले; शेवटचा माझा. त्यामुळे निकाल आल्यावर कळायचं ते फक्त मलाच कळलं.

"सर, ही शेवटची नळी बघा ना. पेशंटपेक्षा वर चाललीय."

माझ्या काखेत बरेच दिवस बोराएवढी गाठ होती. ती शर्टाच्या शिवणीने झाली, असं मी ठरवलं होतं. संध्याकाळी कणकण असायची, तिला मी वय म्हणत होतो. आकडा बघितला आणि दोन्ही कारणं रद्द झाली.

"परत कर," मी म्हणालो.

तिने परत केलं. तेवढंच आलं. तिसऱ्यांदाही.

"हात हलतोय तुझा."

"नाही हो सर. सुईत दोरा मी एका दमात ओवते. आजी अख्ख्या गल्लीच्या सुया माझ्याकडे पाठवते."

"सुई वेगळी, पिपेटने थेंब मोजणं वेगळं."

हाताळणीतल्या चुकीमुळे हा नमुना वगळला आहे, हे वाक्य मी सांगितलं, तिने टाइप केलं. त्यानंतर पिपेट उचलायच्या आधी ती दुसऱ्या हाताने मनगट धरायला लागली.

मी मनमाडला जाऊन डॉक्टर गाठला, कारण तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. गाठीतून पाणी काढलं, टीबीच निघाला. छातीत नव्हता, त्यामुळे माझ्यापासून कुणाला व्हायची भीती नव्हती. गप्प राहायला मला तेवढं पुरलं. माझ्या मुलीचं दिंडोरीच्या एका घरात जमत आलं होतं, ते मोडेल, असंही कारण मी स्वतःला दिलं. लग्न होऊन तिला मूल झालं तरी मी बोललो नाही, म्हणजे कारण ते नव्हतं. टीबी शिकवणाऱ्यालाच टीबी झाला म्हणून विभाग हसेल, याची लाज वाटत होती. त्यापेक्षा मोठं काही नव्हतं.

गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत ठेवल्या. त्यांनी लघवी नारिंगी होते, म्हणून रोज सकाळी संडास मी स्वतः घासायला लागलो. बायको म्हणाली, "इतक्या वर्षांत आज ब्रश दिसला का?" मग माहेरी फोन करून तिने माझं कौतुक केलं.

गेल्या दिवाळीच्या सुमारास ती मुलगी कॉलेज रोडला भेटली. पीएचडीचं काय झालं, मी विचारलं.

"नाही केलं सर. विम्याच्या ऑफिसात आहे. घरचे मागे लागले होते कर म्हणून, पण मीच नको म्हटलं. हात हलतो तो हलतोच ना. तुम्ही वेळेवर सांगितलंत, नाहीतर आणखी पाच वर्षं घातली असती."

हे तिने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. भर रस्त्यात वाकून तिने नमस्कार केला. मी तो घेतला, सुखी राहा म्हणालो आणि गाडी काढली.

तिचा फोन नंबर माझ्याकडे आहे. तिला एवढं सांगायचं मी देणं लागतो: शेवटच्या नळीतलं रक्त माझं होतं, तिन्ही वेळा आलेला आकडा बरोबर होता, आणि तिचा हात हलला नव्हता.