अठरा नंबरचा व्हिसा

शिनोलीच्या तेजस्विनीला कुवेतला जायचं होतं, पण घाई नव्हती. एजंटाला नेमकं हेच समजत नव्हतं.

१९९६ साल होतं. पुण्यात नर्सिंगचा कोर्स करून ती घोडेगावातल्या एका खाजगी दवाखान्यात नोकरीला होती. मुंबईचा हा एजंट दर मंगळवारी मंचरच्या एका लॉजवर येऊन बसायचा. तिच्यासोबत वर्गात असलेल्या इंद्रायणीनं त्याच्याकडे पासपोर्ट देऊनही टाकला होता. तेजस्विनी मात्र वडिलांना, नानासाहेबांना, सोबत घेऊन गेली.

"ताई, व्हिसे दोन तऱ्हेचे," एजंट म्हणाला. "अठरा नंबर कंपनीचा, वीस नंबर घरकामाचा. अठराला वर्ष जाईल. वीसवर पंधरा दिवसांत विमानात बसवतो. काम दवाखान्यातच करायचं. पुढं वीसचा अठराही करून देतो, घरकाम नुसतं कागदावर."

"नुसतं कागदावर?" नानासाहेब खुर्चीत पुढं सरकले. "आमच्या बापाचा अंगठा बी नुसता कागदावरच घेतला व्हता, पावणं. वढ्याकडंची जमीन गेली ती गेलीच."

तेजस्विनीनं विचारलं, "वीसचा अठरा करून देणार, हे कुठं लिहिलंय ते दाखवा."

लिहिलेलं कुठंच नव्हतं. ती उठली. इंद्रायणी वीस नंबरवर महिन्याभरात गेली, एका बंगल्यात सात महिने भांडी घासून, रडून-भेकून कशीबशी परत आली. तेजस्विनी थांबली. दीड वर्षानं अठरा नंबर आला, तोही तिनं तीन ठिकाणी दाखवून खात्री करून घेतला आणि मगच निघाली.

तिथल्या दवाखान्यात पोचल्या दिवशी पासपोर्ट काढून घेतला. सगळ्यांचाच घेत. त्याआधीच तिनं प्रत्येक पानाच्या तीन-तीन झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या. एक गादीखाली, एक पर्समध्ये, एक शिनोलीला आईजवळ. दर दोन वर्षांनी राहण्याचा परवाना, तिकडं त्याला इकामा म्हणतात, नवा करावा लागे. ते काम मालकाचा एक माणूस करी. त्याला सगळे मंदूब म्हणत. बाकीच्या नर्सा त्यानं पुढं केलेल्या कागदावर डोळे झाकून सही करत. तेजस्विनी प्रत्येक कागदाची तारीख आधी वहीत उतरवून घेई. मंदूब वैतागून हसायचा. त्या हसण्याचाही तिला संशय यायचा.

दोन वेळा इकामा बिनबोभाट झाला. तिसऱ्या वेळी, २००२ च्या मार्चमध्ये, मंदूबनं कागद पुढं केला तो आधीच्यापेक्षा आखूड होता. सगळा अरबी.

"उद्या देते," म्हणून तिनं तो पर्समध्ये घातला.

दवाखान्यातच औषधांच्या काउंटरवर इद्रिस म्हणून एक सुदानी माणूस होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा, मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. दुपारी गिऱ्हाईक नसताना तिनं कागद त्याच्यापुढं धरला. त्यानं वाचला, दाराकडं बघितलं, आणि हळूच म्हणाला, "सिस्टर, यात तुम्हाला मालकाच्या घरची मोलकरीण केलंय. वीस नंबर. मग कामगार कचेरीत तक्रारही चालत नाही. सही करू नका. आणि मी सांगितलं म्हणून कुणाला बोलू नका."

तेजस्विनी खोलीवर आली, पण मन लागेना. हा माणूस आपल्याला का सांगतोय? महिन्यापूर्वीच यानं विचारलं होतं, माझी बहीण नर्स आहे, इथं जागा आहे का म्हणून. आपण सही नाकारली, मालकानं काढून टाकलं, तर जागा कुणाला मिळेल? की मालकानंच याला पाठवलंय, कोण कुरकुर करतंय ते बघायला?

दुसऱ्या दिवशी ती सरकारी कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्याकडं गेली. केरळचा माणूस होता, अरबी अर्ज भरून द्यायचा. त्यानं कागद बघितला आणि तेच सांगितलं. मोलकरीण.

"तुम्हाला शंका कशी आली, आधी कुणी सांगितलं?" त्यानं सहज विचारलं.

"आमच्या औषधवाल्या इद्रिसनं," ती बोलून गेली. दोघांचं एकमेकांशी काही साटंलोटं आहे का, नाव काढल्यावर याचा चेहरा बदलतो का, एवढंच तिला बघायचं होतं. चेहरा बदलला नाही. पण दवाखान्याचे सगळे अर्ज तिथंच टाइप होतात, हे तिला बाहेर पडल्यावर कळलं. मंदूब आपल्या फायली बगलेत मारून आत शिरत होता.

तिनं सही केली नाही. मालकानं बोलावलं, आवाज चढवला, मग उतरवला. नर्सिंगचा परवाना असलेली, चार वर्षं काम केलेली नर्स त्याला लगेच मिळणार नव्हती. आठवड्यानं तिचा इकामा अठरा नंबरवरच नवा झाला. शिक्का तिनं भिंगातून तपासला.

इद्रिसचा इकामा मे महिन्यात संपत होता. तो नवा झाला नाही. कारण कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

जायच्या दिवशी तो वॉर्डाच्या दारात येऊन उभा राहिला.

"सिस्टर, दुसऱ्याला विचारलंत त्याचं मला काही नाही. मीही विचारलं असतं. पण माझं नाव का सांगितलंत?"

"मला वाटलं..." ती म्हणाली. त्यानं मान हलवली, आणि तो गेला. त्याच्या जागी आलेला माणूस इद्रिसच्या नात्यातला कुणी नव्हता. मंदूबच्या ओळखीचा होता.

पुढं तिनं आणखी दोन वर्षं काढली आणि इकामा रद्द करून घेऊन गावी परतली. मंचरच्या एका दवाखान्यात नोकरी धरली. एकदा आईपाशी, आक्काबाईपाशी, तिनं हे सगळं सांगितलं. आक्काबाई निवडत होती ते तांदळाचं सूप बाजूला ठेवून म्हणाली, "अगं, मग लिव्ह की त्याला. जित्ता असंल तर वाचंल."

दवाखान्यातल्या एका जुन्या सहकारिणीकडून पत्ता मिळवून तिनं लिहिलं. माफी मागितली. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं.

२००६ च्या पावसाळ्यानंतर पाकीट आलं. वर सुदानचं पोस्टाचं तिकीट, आत एकच पान, इंग्रजीत. स्वतःचं औषधांचं छोटं दुकान काढलंय, बहिणीचं लग्न झालं, तुमच्या आईवडिलांना सलाम. त्या प्रकरणाबद्दल एक अक्षर नव्हतं.

तेजस्विनीनं ते एसटीत बसून तीनदा वाचलं. अक्षर गोल, नीटस होतं. औषधाच्या चिठ्ठीवरचं इद्रिसचं अक्षर तिला पक्कं आठवत होतं, तिरकं आणि काटकुळं. मग हे कुणी लिहिलं? त्यानं सांगून लिहवून घेतलं, की घरातल्या कुणीतरी त्याला न विचारताच चांगुलपणानं धाडलं? सही तेवढी अरबीत होती, आणि अरबी तिला अजूनही वाचता येत नव्हतं.