हळूबा पळाला म्हणे

गोदीत फाटकी पोती शिवणाऱ्या बायकांमध्ये तिला सगळे दाभण म्हणायचे. हातात कायम पोती शिवायची जाड, वाकड्या टोकाची सुई असायची म्हणून आणि जीभही तशीच म्हणून. मुकादम एकदा म्हणाला होता, "बाई, जरा गोड बोलत जा की." ती मान वर न करता म्हणाली, "पोत्यात साखर आली की बोलेन. आज मीठ आहे."

ती गोदी आता गेली. जहाजं लांबच्या नव्या बंदराला लागतात. ज्या गोदामात दाभणची उभी हयात गेली, त्याला काचेचे दरवाजे बसवून आत प्रदर्शनं भरवतात. तिची लेक दवाखान्यात कामाला आहे. ती एका संध्याकाळी सांगत आली, "आई, आपल्या जुन्या गोदीचा सिनेमा सापडलाय. कंपनीच्या कुणा साहेबानं हौसेनं काढलेला. फळीवरचे हमाल दिसतात म्हणे."

दाभणच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तिच्याकडे बापाचा एक फोटोही नव्हता.

तिचा बाप फळीवरचा हमाल. जहाजापासून धक्क्यापर्यंत एक लांब फळी टाकलेली असायची आणि पाठीवर पोती घेऊन माणसं तिच्यावरून ये-जा करायची. दोघांची पावलं जुळली की फळी झुलायला लागते, आणि एकदा झुलली की माणसाला फेकूनच देते. म्हणून पावलं मुद्दाम मोडून टाकायची आणि पुढच्यानं हाळी द्यायची, "हळू!" पुढचा नेहमी हिचा बाप. दिवसभर त्याच्या तोंडात तो एकच शब्द. सगळा धक्का त्याला हळूबा म्हणायचा. त्याची बायकोसुद्धा, विशेषतः चिडली की.

फळीला चीर गेली होती. हमाल सांगून थकले, कंपनीनं फळी बदलली नाही. मग एका सकाळी ती मधोमध मोडली आणि हळूबा जहाज आणि धक्का यांच्यामध्ये गेला. कंपनीचा माणूस घरी आला. आत न येता उंबऱ्यावरूनच म्हणाला, "पळत होता. सांगूनही ऐकलं नाही. स्वतःच्या चुकीनं गेला."

दाभणची आई कपडे धूत होती. पिळायचा कपडा तसाच हातात धरून ती उठली.

"कोण पळत होता?"

"तुमचा नवरा."

"हळूबा?"

त्या माणसाला कळलंही नाही आपण काय बोललो ते. बोलला आणि बूट वाजवत गेला.

त्यानंतर त्या घरात कुणी धडधडीत खोटं बोललं की आई एवढंच म्हणायची, "हो हो, आणि हळूबा पळाला." दुकानदार म्हणाला माप बरोबर आहे, तर हळूबा पळाला. पुढारी म्हणाला गोदी बंद होणार नाही, तर हळूबा पळाला. आई गेल्यावर ते वाक्य दाभणनं उचललं. लेकीनं मात्र कधी उचललं नाही. तिला वाटायचं, कशाला तेच तेच उगाळायचं?

असो. मायलेकी गेल्या प्रदर्शनाला. आत पाऊल टाकल्या टाकल्या दाभणचं डोकं फिरलं. पोत्यांच्या उशा करून लोकांना बसायला ठेवल्या होत्या! तिनं एक उलटून पाहिली. "मशीनची शिलाई. एक गोणी वाळू भरली तर शिवण तोंड वासेल."

"आई, गप बस ना. लोक बघतायत."

"बघू देत. तिकीट काढून आलेत, काहीतरी तर बघतील."

भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं : धावतं बंदर. दिवे मंद झाले, पियानो टुणटुण वाजायला लागला आणि समोर गोदी उभी राहिली. तोच धक्का, तीच भोंग्याची चिमणी. आणि माणसं? मुंग्यांवर पाणी ओतावं तशी माणसं. पोती घेऊन तुरुतुरु पळतायत, वाकतायत, उठतायत, पुन्हा पळतायत. लोक हसायला लागले. पोरांना मांडीवर घेऊन आईबाप हसत होते. अंगावर माणसाच्या वजनाएवढं ओझं घेतलेली माणसं बघून हसत होते.

मग तो आला. डोक्याला फडकं, मान डावीकडे कललेली, एक हात कमरेवर. बापाची मान तशीच कलायची. दाभण ओठांत म्हणाली, "बा." आणि बा फळीवरून टुणटुण, टुणटुण पळत गेला, मधोमध एक उडी मारून. सगळा हॉल खदाखदा हसला.

लेक तिच्या कानाशी आली. आवाज अगदी बारीक. "आई... आजोबा खरंच पळतायत की गं."

म्हणजे तो कंपनीचा माणूस खरं बोलला? आई जन्मभर ज्या वाक्यावर ताठ उभी राहिली, ते वाक्यच खोटं?

तेवढ्यात पडद्यावर साहेब आला. ढेरपोट्या, डोक्यावर हॅट, मागे छत्री धरलेला माणूस. साहेबही पळत होता. चिमणीनं दाणे टिपावेत तसा रुमालानं मान टिपत होता.

दाभण ताडकन उठली. "थांबवा! अहो, थांबवा ते!"

प्रदर्शनाच्या बाई लगबगीनं आल्या. गळ्यात पट्टा, आवाजात मध. "मावशी, काय झालं? बरं नाही का वाटत?"

"मी ठणठणीत आहे. तुमच्या सिनेमाला हगवण लागलीय. तो साहेब बघा. लहानपणी पाहिलाय मी त्याला. जहाजाला आग लागली तरी हा छत्रीच्या सावलीबाहेर आला नव्हता. तो पळतोय? तो पळतोय म्हणजे तुमचा सिनेमा पळतोय!"

बाई हसल्या. शरमल्या नाहीत, हसल्या. "अगदी बरोबर, मावशी. मूळ चित्रण सावकाशच आहे. आम्ही थोडा वेग वाढवलाय. जुनं चित्रण असं तुरुतुरु चाललं की लोकांना मजा वाटते. नाहीतर कंटाळवाणं होतं हो."

म्हणजे यांना माहीत होतं. कंपनी खोटं बोलली ती अंगाशी येईल म्हणून. यांच्या अंगाशी काय येणार होतं? लोकांना मजा वाटावी म्हणून यांनी मेलेल्या माणसांना पळवलं, वर भिंतीवर तसं लिहूनही ठेवलं.

"तो माझा बाप आहे," दाभण म्हणाली. "पळताना पडून मेला असं कंपनीनं सांगितलं. आणि तुम्ही त्याला पळवताय."

बाईंचा चेहरा उतरला. "अरेरे. मला कल्पना नव्हती. हॉल रिकामा झाला की मी तुमच्यासाठी खास मूळ वेगात लावते."

लेकीनं हात धरला. "चल आई, तेवढं तर तेवढं."

"खास नको मला. पळाला चारचौघांत, तर चालेलही चारचौघांतच."

आणि तिनं एक उशी उचलली, थेट पडद्यासमोर टाकली आणि फतकल मारून बसली. हमाल तिच्या पाठीवरून, पांढऱ्या केसांवरून पळायला लागले.

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ मावशी, बाजूला व्हा! दिसत नाहीये!"

"तेच सांगतेय बाबा मी. दिसत नाहीये."

मागे यंत्रापाशी चष्मेवाला ऑपरेटर बसला होता. त्यानं पियानो बंद केला. बाईंकडे बघितलंही नाही. फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली आणि विचारलं, "मावशी, किती कमी करू?"

"मी सांगते. तू वेग उतरवत जा." दाभण उशीसकट बाजूला सरकली आणि तिनं हाळी दिली. बापाची हाळी, धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी.

"हळू!"

लाटा जरा शांत झाल्या.

"अजून हळू!"

चिमणीचा धूर धुरासारखा वर चढायला लागला. पोत्यांना वजन आलं. माणसांचे गुडघे दिसायला लागले.

"बस."

बा फळीवर आला. आधी पायाची बोटं टेकवायचा, फळीचा अंदाज घ्यायचा, मग टाच. मागचा त्याच्याशी पाऊल मोडून चालत होता. बाचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण लेक पुटपुटली, "हळू म्हणतायत ते."

आणि फळीच्या मधोमध बानं एक लांब ढांग टाकली. मगाशी ती उडीसारखी वाटली होती आणि लोक तिलाच सर्वांत जास्त हसले होते. आता दिसलं, तिथे फळीला दोरखंड गुंडाळलेला होता. चिरलेली फळी दोरानं आवळून बांधली होती आणि माणसं तिच्यावरून पोती वाहत होती. बा त्या दोरावर पाय न देता तो ओलांडत होता.

आता कुणी हसलं नाही. मांडीवरचं एक पोर "काय झालं?" म्हणून विचारत होतं.

बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "उद्यापासून असंच लावू."

"आणि भिंतीवरचं ते?" दाभणनं विचारलं.

"ते... ते आधीच रंगवून झालंय ना. वरच्यांना विचारावं लागेल. बदलू की, नक्की बदलू."

दाभणनं तोंड उघडलं, पण त्याआधीच लेक बोलली, हॉलमध्ये शेवटपर्यंत ऐकू जाईल अशी.

"हो हो, आणि हळूबा पळाला!"

मग तिनंही एक उशी ओढली, आईला पुन्हा मधे घेतलं आणि तिच्या शेजारी, थेट पडद्यासमोर मांडी ठोकून बसली.